पुण्यात बांधकाम परवानगी: चलनातला प्रत्येक रुपया कुठून येतो?

पुण्यात कुणी बंगला पाडून चार मजले उभे करते, कुणाची तीस-चाळीस वर्षांची सोसायटी पुनर्विकासाला निघते, कुणाच्या खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेभोवती एका सकाळी पत्रे लागतात. तिघांचेही प्रश्न शेवटी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाशी येऊन थांबतात. किती पैसे भरायचे? ते कशाचे? आणि समोरचे बांधकाम मान्य नसेल तर बोलायचे कुठे, त्याला खर्च किती?

या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आणि नियमावलीत लिहिलेली आहेत. पण ती एका जागी, साध्या हिशेबात क्वचितच मिळतात. मग मालक आर्किटेक्टने सांगितलेला आकडा मान्य करतो, सोसायटीचे सभासद बिल्डरच्या सादरीकरणावर विसंबतात आणि शेजारी आता काही होणार नाही म्हणून गप्प बसतो. तिघांनाही आपला हिशेब स्वतः मांडता यावा, यासाठी हे मार्गदर्शन.

आधी समजून घ्या: निर्णय कोण घेते?

अमेरिकेतल्या अनेक गावांत नवी इमारत किंवा दुकानसंकुल येणार असेल तर नियोजन आयोगाची जाहीर बैठक होते. शेजारी उभे राहून बोलतात आणि मग मतदान होते. पुण्यात एखाद्या इमारतीच्या नकाशावर अशी सुनावणी होत नाही. इथे नियम आधी ठरतात. नकाशा त्या नियमांत बसत असेल तर परवानगी नाकारण्याची मोकळीक प्रशासनाला फारशी नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो आणि कलम ४५ खाली निर्णय. अर्ज आयुक्तांच्या अधिकारात, शहर अभियंत्यांच्या विभागाकडून तपासला जातो. नगरसेवकांची शहर सुधारणा समिती आराखड्यातले बदल आणि रस्त्यांच्या आखणीसारखे विषय पाहते, तुमच्या-आमच्या घराचे नकाशे नाही.

म्हणजे नागरिकाचा आवाज कायद्याने ऐकला जातो तो आराखड्याच्या टप्प्यावर. त्या टप्प्यावर हरकत घ्यायला शुल्क नाही. नंतर प्रत्येक पायरीला खर्च वाढत जातो आणि यशाची शक्यता कमी होत जाते.

नियम कोणते? २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही अपवाद वगळून राज्यभर लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बोलीभाषेतले युडीसीपीआर. आणि जागेचा वापर कोणता, आरक्षण आहे का, रस्ता किती रुंद, हे सांगणारा विकास आराखडा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सध्याचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्याआधीचा १९८७ चा होता.

पहिला टप्पा: जागेचे कागद. इथे खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त

जागा घ्यायची असो वा बांधायची, पुढचे लाखो रुपये ज्या गोष्टींवर ठरतात त्या काही हजारांत कळतात.

*सातबारा किंवा मिळकत पत्रिका.* भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर नुसते पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. नाव, क्षेत्र, बोजा आणि इतर हक्कांतल्या नोंदी नीट वाचा.

*मोजणी.* १ डिसेंबर २०२४ पासून महापालिका-नगरपालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंतच्या नियमित मोजणीला ३,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीला १२,००० रुपये असे दर आहेत. कुंपण आणि कागद जुळत नसतील तर हा खर्च टाळू नका. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, मोजला जातो तो कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या क्षेत्रावर, आणि दोन्हींत फरक असेल तर मालकाच्या वाट्याला कमी क्षेत्रच येते.

*झोन दाखला आणि भाग नकाशा.* महापालिकेकडून मिळतात, शुल्क किरकोळ असते. जागा निवासी विभागात आहे की शेती विभागात, तिच्यावर शाळा-बाग-रस्त्याचे आरक्षण आहे का, रस्तारुंदीत किती जाणार, हे यावर कळते. या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर त्याच कायद्याखाली अपील करता येते.

*पुण्याच्या खास अडचणी.* मुळा-मुठेच्या काठची जागा असेल तर जलसंपदा विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा आधी पाहा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत शिरलेले पाणी पुणेकर विसरलेले नाहीत. टेकडीची जागा असेल तर उतार आणि जैवविविधता उद्यानाचे आरक्षण तपासा. शनिवारवाड्याभोवतीच्या वाड्यांना पुरातत्त्व कायद्याच्या मर्यादा आहेत: केंद्रीय संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी. लोहगाव विमानतळ आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) परिसरात उंचीवर संरक्षण खात्याची बंधने येतात. यातली एकही गोष्ट नंतर पैसे भरून सुटत नाही, म्हणून ती टोकन देण्याआधी पाहायची.

दुसरा टप्पा: चलन ठरवणारे तीन आकडे

चलन कितीही लांबलचक असले तरी त्याचा मोठा भाग तीन गोष्टींवर ठरतो: जमिनीचा रेडी रेकनर दर, जागेसमोरच्या रस्त्याची रुंदी आणि इमारतीचा वापर.

रेडी रेकनर म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो. तक्त्यात सदनिका, दुकान, कार्यालय यांचे वेगवेगळे दर दिलेले असतात. आपल्या हिशेबाला लागतो तो खुल्या जमिनीचा दर. १ एप्रिल २०२५ पासून पुणे महापालिका हद्दीत हे दर सरासरी ४.१६ टक्क्यांनी वाढले. म्हणजे मार्चमध्ये तयार असलेला प्रस्ताव एप्रिलवर गेला तर चलनही वाढू शकते. नवे दर १ एप्रिलला येतात हे लक्षात ठेवून कामाचे वेळापत्रक आखावे.

रस्त्याची रुंदी एफएसआय ठरवते. जुन्या दाट वस्तीबाहेरच्या निवासी जागेला मूळ एफएसआय १.१० मिळतो. त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा विकास हक्क, घेता येतो. मूळ एफएसआय धरून सगळ्याची मिळून कमाल मर्यादा अशी:

- ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता: १.१०, त्यापुढे काही नाही
- ९ ते १२ मीटर: २.००
- १२ ते १८ मीटर: २.२५
- १८ ते २४ मीटर: २.५०
- २४ ते ३० मीटर: २.७५
- ३० मीटर आणि अधिक: ३.००

पहिल्या दोन ओळींतले अंतर पाहा. ६ मीटरच्या गल्लीतल्या आणि ९ मीटरच्या रस्त्यावरच्या सारख्याच प्लॉटच्या बांधकामक्षमतेत जवळपास दुपटीचा फरक पडतो. २०२० मध्ये शहरातले ३२३ रस्ते ६ मीटरवरून ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर शहरभर वाद झाला तो यामुळेच. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटर परिसरात वेगळे, अधिक एफएसआय देणारे नियम लागू होतात. तिथे राहणाऱ्यांनी वरचा तक्ता तसाच धरू नये. पेठांमधल्या दाट वस्तीचे नियमही वेगळे आहेत.

तिसरा टप्पा: शुल्काचे प्रकार

*विकास शुल्क.* नगररचना कायद्यात १९९२ मध्ये घातलेल्या प्रकरणाखाली हे घेतले जाते. निवासी वापराला जमिनीच्या क्षेत्रावर रेडी रेकनर दराच्या ०.५ टक्के आणि बांधकाम क्षेत्रावर २ टक्के. औद्योगिक वापराला ०.७५ आणि ३ टक्के. व्यापारी वापराला १ आणि ४ टक्के. मेट्रोसारख्या महत्त्वाच्या वाहतूक प्रकल्पासाठी हे शुल्क दुपटीपर्यंत नेण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे चलनावर विकास शुल्काच्या दोन ओळी दिसल्या तर गोंधळू नका, पण दुसरी ओळ कोणत्या आदेशाने आली हे विचारा.

*अनुषंगिक एफएसआयचे अधिमूल्य.* नव्या नियमावलीत जिना, लिफ्ट, बाल्कनी, पॅसेज हे सगळे एफएसआयमध्ये मोजले जाते. त्यासाठी निवासी इमारतीत ६० टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी इमारतीत ८० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळते. पुण्यात त्याचे अधिमूल्य जमीन दराच्या १५ टक्के आहे. हे क्षेत्र पूर्ण घेण्याची सक्ती नाही. लागेल तेवढेच घ्यावे.

*प्रीमियम एफएसआय.* जमीन दराच्या ३५ टक्के.

*टीडीआर.* याचा दर महापालिका ठरवत नाही, बाजारात ठरतो. मात्र एक बारकावा ध्यानात घ्या. टीडीआर जिथे निर्माण झाला तिथला जमीन दर आणि जिथे वापरायचा तिथला दर यांच्या गुणोत्तराने क्षेत्र बदलते. २०,००० रुपये दराच्या भागात निर्माण झालेला १०० चौरस मीटर टीडीआर ४०,००० रुपये दराच्या भागात वापरायला आणला तर ५० चौरस मीटरच उरतो. त्यामुळे स्वस्त मिळतोय हे ऐकून सौदा करू नका. आपल्या जागेवर उतरल्यावर चौरस मीटरला किती पडतो, हे काढा आणि विकास हक्क प्रमाणपत्र महापालिकेत पडताळून घ्या.

*कामगार कल्याण उपकर.* बांधकाम खर्चाच्या १ टक्का. स्वतःच्या राहण्यासाठीच्या मर्यादित खर्चाच्या घराला सूट असते. चलन भरण्याच्या दिवशी लागू असलेली खर्चाची मर्यादा विचारून घ्या.

*बाकीचे.* छाननी शुल्क, राडारोड्याचे शुल्क, झाडे असतील तर वृक्ष विभागाची अनामत, पाणी-ड्रेनेज जोडाचे शुल्क, उंच इमारतीला अग्निशमन दलाचे शुल्क. यांत अनामत कोणती आणि शुल्क कोणते हे चलनावर वेगळे करून घ्या. काम पुरे झाल्यावर अनामत परत मागायची असते आणि ती बरेच लोक मागायची विसरतात.

एक हिशेब करून पाहू

समजा, प्लॉट २०० चौरस मीटर, समोर ९ मीटरचा रस्ता, वापर निवासी. खुल्या जमिनीचा दर उदाहरणापुरता चौरस मीटरला ४०,००० रुपये धरू.

१. मूळ एफएसआयने २२० चौरस मीटर बांधकाम. विकास शुल्क जमिनीवर २०० × २०० रुपये = ४०,००० रुपये. बांधकामावर २२० × ८०० रुपये = १,७६,००० रुपये. एकूण २,१६,००० रुपये.

२. अनुषंगिक क्षेत्र पूर्ण घेतले तर १३२ चौरस मीटर. अधिमूल्य १३२ × ६,००० = ७,९२,००० रुपये. त्यावरचे विकास शुल्क १,०५,६०० रुपये.

३. प्रीमियम एफएसआय ०.५० घेतला तर १०० चौरस मीटर. त्याचे १०० × १४,००० = १४,००,००० रुपये आणि विकास शुल्क ८०,००० रुपये.

तिन्ही मिळून २५,९३,६०० रुपये. विकास शुल्क दुप्पट लागले तर ४,०१,६०० रुपये आणखी, म्हणजे २९,९५,२०० रुपये. यात उपकर, छाननी शुल्क आणि अनामत रकमा धरलेल्या नाहीत.

आता हेच २२० चौरस मीटर दुकानांसाठी बांधायचे ठरवले तर पहिल्या ओळीतले विकास शुल्क २,१६,००० ऐवजी ४,३२,००० रुपये होईल. तळमजल्यावर दोन दुकाने काढू, असे सहज ठरवण्याआधी हा फरक आणि दुकानांना लागणारे जादा पार्किंग, दोन्ही धरा.

या हिशेबातून कळते ते असे: राहण्यापुरते घर बांधणाऱ्याचे चलन पेलण्याजोगे असते. ते झेपावते जादा एफएसआयच्या ओळीवर. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, की आपल्याला किती जागा हवी आहे? नियम देतो म्हणून सगळी बांधायची, या हट्टापायी कर्ज वाढते.

लहान घर बांधणाऱ्यांसाठी

मंजूर रेखांकनातला प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती यावर काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठी १० दिवसांत निर्णयाची तरतूद आहे. पण यात जबाबदारी प्रमाणपत्र देणाऱ्यावर आणि मालकावर येते. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, चुकले तर आपण नकाशा तर दिला होता, हे उत्तर चालत नाही.

बाकी प्रस्तावांसाठी कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे. त्यात निर्णय न आल्यास मानीव परवानगीची तरतूद आहे, पण प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसणारा हवा. निव्वळ तारखेच्या भरवशावर काम सुरू करू नये. परवानगी नाकारली गेली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मिळालेली परवानगी दरवर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षे चालते.

आर्किटेक्टची फी बाजारात ठरते. ती टप्प्यांत विभागून लेखी घ्या: आराखडा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि इमारत वापरण्याची परवानगी देणारे भोगवटा पत्र. शेवटचा हप्ता भोगवटा पत्र हाती आल्यावरच द्या. महापालिकेचे शुल्क आर्किटेक्टच्या खात्यात भरू नका. चलन मालकाच्या नावे निघते आणि पावती मालकाकडे राहते. चलनाबाहेर वरखर्च म्हणून मागितलेल्या एका रुपयालाही कायद्यात जागा नाही. अशी मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक विनामूल्य आहे.

परवानगी न घेण्याचा खर्च

घर आधी बांधू, नियमित नंतर करू, हा विचार सगळ्यात महाग पडतो. नगररचना कायद्याच्या कलम ५२ खाली अनधिकृत बांधकामाला एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे, कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे. लहान निवासी घरांना तीत सवलती मिळाल्या आहेत, मोठ्या व व्यापारी बांधकामांना नाहीत. भोगवटा पत्र नसलेल्या घरावर कर्ज अडते, विक्री अडते, पुढे पुनर्विकासही अडतो. गुंठेवारीतल्या घरांसाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला नियमितीकरणाची संधी मिळाली. पण आरक्षणातले, पूररेषेतले घर त्यातही सुटत नाही.

सोसायटीच्या पुनर्विकासात सभासदांनी काय मागावे?

इथे महापालिकेचे शुल्क विकसक भरतो, असे सगळे गृहीत धरतात. करारात प्रत्येक शुल्काचे नाव आणि भरण्याची जबाबदारी लिहा. नियमावलीत अधिमूल्य हप्त्यांनी, व्याजासह भरण्याची सोय आहे. विकसकाने हप्ते थकवले तर भोगवटा पत्र अडते आणि भाड्याच्या घरात अडकून पडतात ते सभासद. म्हणून हप्त्यांचे वेळापत्रक करारात जोडून घ्या आणि भरल्याच्या पावत्या सोसायटीला देण्याची अट घाला.

प्रस्ताव मागवण्याआधी सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट नेमून व्यवहार्यता अहवाल करून घ्यावा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात पुनर्विकासाची पद्धत दिली आहे. अहवालावरचा खर्च सभासदांमध्ये वाटला तर प्रत्येकी फार येत नाही, आणि विकसकाने सांगितलेले क्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी जुळते का, हे आपल्याला आपल्या माणसाकडून कळते. ६ मीटर रस्त्यावरच्या सोसायटीला कुणी ९ मीटरच्या हिशेबाने वाढीव क्षेत्र देऊ करत असेल, तर रस्ता रुंद होण्याचा आदेश दाखवा, हा पहिला प्रश्न.

प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल किंवा सदनिका ८ पेक्षा अधिक असतील तर विक्रीसाठी महारेराकडे (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. तिथे मंजूर नकाशे कुणालाही विनामूल्य पाहता येतात. नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. महारेराकडे तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे.

शेजारी आणि नागरिक: हरकतीचा खर्च

आता तिसरा वाचक. पत्र्यांमागे काय येणार, हे जाणून घेण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याच्या तुलनेत अगदी नगण्य आहे.

१. *माहिती अधिकार.* अर्जाला १० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला प्रत्येकी २० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. मागायचे ते नेमके मागा: मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्यातल्या अटी, भरलेल्या चलनांची यादी, अग्निशमन आणि वृक्ष विभागाचे ना-हरकत दाखले. फाइल प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांसाठीही स्वीकारली. ती वेळ आज चालू आहे का, हे विभागात विचारून जा. चालू नसली तरी अर्ज करून पाहणी मागता येतेच.

२. *नकाशात काय पाहायचे?* रस्त्याची दाखवलेली रुंदी जागेवर आहे का, बाजूचे सामासिक अंतर किती, पार्किंग किती गाड्यांचे, जुनी झाडे नकाशात दाखवली आहेत का. खोटी माहिती देऊन परवानगी मिळवली असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्त ती रद्द करू शकतात. अशा तक्रारीला शुल्क नाही. पुरावा मात्र लागतो.

३. *झाडे.* तोडीच्या अर्जावर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली जाहीर नोटीस निघते. मुदतीत दिलेली लेखी हरकत नोंदवून घ्यावीच लागते. शुल्क नाही.

४. *मोठे प्रकल्प.* २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. अशा गृहप्रकल्पांना जनसुनावणीची सक्ती नाही, पण प्रस्ताव आणि अटी परिवेश संकेतस्थळावर पाहता येतात. अटी मोडल्या जात असतील तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क १,००० रुपये. वकिलाची फी वेगळी. मुदतीचे नियम कडक आहेत. मंजुरीविरुद्धचे अपील ३० दिवसांत करायचे असते.

५. *आराखडा.* सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक जागा हीच. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली साधारण ३० दिवसांत हरकत देता येते. मग कलम २८ खाली स्थायी समितीचे ३ सदस्य आणि शासनाने नेमलेले ४ पर्यंत तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. एखाद्या आरक्षणात किंवा विभागात नंतर बदल करायचा तर कलम ३७ खाली पुन्हा जाहिरात आणि महिनाभराची मुदत असते. बंगल्यांच्या शांत गल्लीत उद्या हॉटेल येणार की नाही, हे अशा बदलांवर ठरते.

याला वजन असते का? पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला आणि तीन सदस्यांच्या समितीने तो पुन्हा तपासला. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) २०२१ च्या प्रारूप आराखड्यावरही हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. आता नव्याने आराखडा होईल तेव्हा समाविष्ट गावांतल्या, रिंगरोडच्या आसपासच्या प्रत्येक जमीनमालकाला आणि रहिवाशाला पुन्हा बोलण्याची संधी असेल.

हरकत लिहिताना आरक्षण नको एवढेच लिहून थांबू नका. सर्वे क्रमांक, नकाशाचा भाग, आपले म्हणणे, त्याचे कारण आणि सुचवलेला पर्याय एवढे एका पानात द्या. पोच घ्या. सुनावणीची नोटीस आली की जा. गैरहजर माणसाची हरकत कागदावरच राहते.

ज्यांच्या जागेवर आरक्षण आहे त्यांनी आणखी एक तारीख पाहून ठेवावी. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. २०१७ च्या आराखड्याची १० वर्षे २०२७ मध्ये भरतात. ज्यांना आपली जागा मोकळी हवी आहे त्यांनी कागद आत्तापासून जुळवावेत. आणि ज्यांच्या वस्तीतली एकुलती बाग, शाळा, दवाखाना अशा आरक्षणावर उभा राहायचा आहे त्यांनी महापालिकेला त्याच्या संपादनाचा प्रश्न आजच लेखी विचारावा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये पडतात.